कर्णिककाकांचा इसम

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले कर्णिककाका गेली चाळीसेक वर्षं एका माणसाचा द्वेष करतात. द्वेष तसा आपण सगळेच करतो, पण आपलं काम सवडीचं असतं. विषय निघाला की चार शिव्या घालायच्या आणि चहा घ्यायचा. काका रीतसर, वेळच्या वेळी आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून द्वेष करतात. ज्याचा करतात त्या माणसाला याची काही कल्पना नाही, कारण तो हिंदी सिनेमातला हिरो आहे आणि उभ्या आयुष्यात आमच्या विचुंब्याला आलेला नाही.

त्याचं नाव मी सांगणार नाही. एक तर त्याचे चाहते आमच्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये बहुमताने राहतात आणि पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर त्यांच्याकडे आहे. दुसरं म्हणजे, काकांनीही ते नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. ते त्याला 'तो इसम' म्हणतात, पोलिसांच्या पंचनाम्यात म्हणतात तसं. "त्या इसमाचा नवीन लागलाय," असं काकांनी जाहीर केलं की समजायचं, शुक्रवारी सकाळच्या पहिल्या खेळाला ते मॉलमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. लग्नाकार्यालाही काका चपलेवर जातात, पण इसमाचा सिनेमा म्हटला की बूट.

आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला पाटील त्यांना नेहमी सोडतो. तो विचुंबे गावातलाच. त्याने एकदा सरळ विचारलं, "काका, आमी फुकट शिव्या घालतो, तुमी तिकीट काढून घालता. यात फायदा काय हाय?" काकांनी त्याला उत्तर दिलं, तेच ते सगळ्यांना देतात. तपासल्याशिवाय रिजेक्ट करता येत नाही.

हे वाक्य कुठून आलं ते सांगायला हवं. काका तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात माल तपासणी खात्यात होते. सबंध नोकरी डबा उघडायचा, काडी बुडवायची, पत्र्यावर ओढायची आणि वाळल्यावर नाक मुरडायचं, यात गेली. निवृत्त झाल्यावर कारखान्याने डबे काढून घेतले, पण नाक काकांकडेच राहिलं. सोसायटीच्या मीटिंगमधला चहा एक घोट घेऊन "माल रिजेक्ट". बाजारातली बोंबलांची रास दोन बोटांनी उचलून "माल रिजेक्ट". माझ्या नवऱ्याकडे त्यांनी पहिल्या भेटीत डोक्यापासून पायांपर्यंत नीट पाहिलं होतं. निकाल त्यांनी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

इसमाचं चरित्र मात्र त्यांच्याइतकं कोणाला पाठ नसेल. बी विंगमधल्या देशपांडेबाई स्वतःला त्याची पहिल्या नंबरची भक्त म्हणवतात, पण त्यांना त्याचे सगळे सिनेमे सांगता येत नाहीत. भक्तांना अभ्यास लागत नाही, तो वैऱ्याला लागतो.

काकांच्या म्हणण्याप्रमाणे हा इसम उत्तरेतल्या एका साखर कारखान्यातल्या कारकुनाचा मुलगा. मुंबईला आला तो औषधं विकायला. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसून बसून त्याच्या चेहऱ्यावर एक ताटकळलेला भाव आला. तोच पुढे विरहाचा अभिनय म्हणून देशभर खपला. पहिल्या दोन सिनेमांत तो हिरोचा मित्र होता, म्हणजे त्याचं काम मध्यंतराच्या आत मरणं. तिसऱ्यात त्याला आंधळ्या बासरीवाल्याची भूमिका मिळाली आणि लोक वेडे झाले. काकांचा यावरचा आक्षेप आजही कायम आहे. आंधळ्याचं काम करणाऱ्याने नायिका खोलीत आल्याबरोबर तिच्या पदराकडे बघू नये.

मग आला थोरल्या भावाचा काळ. सिनेमा कुठलाही असो, शेवटी हा सगळी इस्टेट धाकट्याला देऊन, एक वळकटी घेऊन घराबाहेर पडणार. काका म्हणतात, त्या इसमाने जितकी घरं सोडली तितकी आपल्या बिल्डरने बांधलीसुद्धा नाहीत. पुढे मिशा वाढवून इन्स्पेक्टर झाला. मिशा उतरल्यावर निवडणुकीला उभा राहिला आणि सपाटून आपटला. मग काही वर्षं तो कुठे होता हे फक्त त्याच्या बायकोला आणि कर्णिककाकांना माहीत होतं. पुढे डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीत दिसायला लागला, मग नायिकेचा बाप, मग नायिकेच्या नवऱ्याचा बाप. हल्ली तो टीव्हीवर पोरांच्या नाचाच्या स्पर्धेत परीक्षक असतो. ज्याला जन्मात नाचता आलं नाही त्याने नाचाला मार्क द्यावेत, या गोष्टीवर काका एक आख्खा चातुर्मास बोलत होते.

हे वैर आलं कुठून? ते आलं कांद्यापोह्यांतून.

काका मुलगी बघायला पेणला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, आणि रिवाजाप्रमाणे काकांनी विचारलं, आवड कशाची? त्या काळी या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असत. भरतकाम, वाचन, फार तर गाणं. मुलीने मान वर करून त्या इसमाचं नाव घेतलं. त्याचे सिनेमे आवडतात, म्हणाली, आणि पोह्यांवर लिंबू हवं का तेही त्याच दमात विचारलं. मुलीच्या वडिलांना ठसका लागला. काकांच्या आईने बशी खाली ठेवली. काकांनी मात्र होकार दिला. का दिला, असं मी विचारलं तर म्हणाले, वाटलं होतं, माल चांगला आहे, एवढाच एक डाग आहे, निघेल.

डाग निघाला नाही. शालिनीकाकूंनी लग्नानंतर काकांचं सगळं ऐकलं. तिखट कमी केलं, पेपर आधी त्यांना दिला, सासूच्या हाताखाली माशांचं कालवण पुन्हा पहिल्यापासून शिकल्या. इसमाच्या बाबतीत मात्र त्यांनी एक तसूही जागा सोडली नाही. त्याचा प्रत्येक सिनेमा त्या काकांना घेऊन बघायच्या. काकूंना रडायचं असे आणि काकांना रिजेक्ट करायचं असे, त्यामुळे दोघांचेही पैसे वसूल होत.

आमची दारं समोरासमोर. काकांचं दार दिवसभर सताड उघडं असतं, त्यामुळे घरात केबल घेण्याआधी आमची करमणूक समोरूनच व्हायची. भांडणाची एक पद्धत होती. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून एक आरोप करायचे. मग थांबायचे. स्वयंपाकघर त्यांच्या डाव्या हाताला, तिकडून काकूंचं उत्तर यायचं. उत्तर आलं की पुढचा आरोप.

"नाचताना त्याचे पाय दाखवत नाहीत, बघितलंस?"

थोडा वेळ फक्त फोडणीचा आवाज. मग काकू, "चेहरा बघावा माणसाने. पायांत काय ठेवलंय?"

"केस खोटे आहेत."

"तुमचे खरे होते ते कुठे गेले?"

असं चालायचं. काकूंचा आवाज कधी चढला नाही आणि काकांचा कधी उतरला नाही. माझी बँकेतली नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंची दुखणी, या सगळ्या वर्षांत मी तो इसम स्वतः क्वचितच पाहिला असेल, पण त्याच्यावरचा खटला दोन्ही बाजूंनी तोंडपाठ केला.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता इसम सुटला. सिनेमाला ओढून नेणारंच कोणी उरलं नाही. पण वर्षश्राद्ध व्हायच्या आतच त्याचा एक सिनेमा लागला आणि काका बूट घालून निघाले. बी विंगमध्ये बायकांनी तोंडाला पदर लावला. जित्याची खोड, असं मीही म्हटलं. तेव्हापासून काका एकटेच जातात, एकटेच येतात, आणि उघड्या दारातून दोन-चार आरोप करून गप्प होतात. "इसम आता म्हातारा दिसायला लागलाय गं मंजिरी," असं मला म्हणायचे आणि वाट बघितल्यासारखे उभे राहायचे. मी "हं" म्हणायचे. मला कुकर लावायचा असायचा.

आता त्या रविवारचं सांगते.

दुपारी जेवणं आटोपून सोसायटी आडवी झाली होती, तेवढ्यात ग्रुपवर इसमाचा काळापांढरा फोटो आला, खाली पणती आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ग्रुपवर असं काही आलं की आमच्याकडे आधी हात जोडतात आणि मग बातमी वाचतात. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. टीव्हीवर खरं तर एवढंच होतं की त्याला हॉस्पिटलात हलवलंय आणि प्रकृती गंभीर आहे. पण टीव्हीवाल्यांना सगळ्या बाजू बघाव्या लागतात, आमच्या ग्रुपला ती अडचण नाही.

आमचे सेक्रेटरी सावंत. सोसायटीने माईक आणि दोन स्पीकर घेतल्यापासून त्यांना कार्यक्रमांची तहान लागलेली असते. लिफ्ट दुरुस्त झाली तेव्हा त्यांनी नारळ फोडून भाषण केलं होतं, आणि भाषण संपायच्या आत लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. त्यांनी ताबडतोब टाकलं, 'शोकसभा, सायंकाळी सहा, पोडियमवर. चहाची व्यवस्था केली आहे.' रोडपालीला त्यांचा एक फ्लेक्सवाला आहे. त्याने दोन तासांत फ्लेक्स दिला. त्यात इसमाचा फोटो मध्यम होता आणि हात जोडून उभ्या असलेल्या कमिटी सदस्यांचे जरा मोठे.

बोलणार कोण, हा प्रश्न आला. देशपांडेबाई म्हणाल्या, मला बोलता येणार नाही, रडू येईल. मग सावंतांनाच सुचलं, की एवढी माहिती फक्त कर्णिककाकांना आहे. माणूस गेल्यावर कोणी वाईट बोलत नाही, तेव्हा काकाही बोलणार नाहीत. बोलावण्याचं काम माझ्यावर आलं. ग्रुपवर कोणीतरी विचारलंही, काका पेढे वाटणार का.

काका दारातच उभे होते, हातात फोन. मी म्हटलं, काका, कळलं ना?

"कोणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय."

"ग्रुपवर मागच्या महिन्यात बिबट्याही आला होता."

पुढे मला बोलू न देता ते सांगत सुटले. कारखान्यातल्या एका जुन्या मित्राचा मुलगा बातम्यांच्या चॅनेलवर आहे, त्याला फोन केला, त्यालाही नक्की माहीत नाही. हॉस्पिटलचा नंबर शोधला, तो कोणी उचलत नाही. बोलता बोलता ते तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. एवढा हाडवैरी मरणाच्या दारात, आणि काकांच्या तोंडावर सुटकेची खूणसुद्धा नव्हती. मला वाटलं, ब्लडप्रेशरची गोळी राहिली असेल.

"हार आणलाय का त्यांनी?" त्यांनी एकदम विचारलं.

"सावंत गेलेत आणायला."

काकांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि माझ्याआधी लिफ्टपाशी पोहोचले.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, चांगली गर्दी होती. वार्षिक सभेला कोरम होत नाही, पण शोकसभेला लोक मुलाबाळांसह आले होते. सावंत झेंडूचा हार घेऊन फ्लेक्सकडे निघाले आणि काका मध्ये जाऊन उभे राहिले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, म्हणाले. सावंत म्हणाले, काका, टीव्हीवर गंभीर सांगतायत. काका म्हणाले, गंभीर म्हणजे जिवंत. सावंतांना वाटलं, म्हाताऱ्याला दोन शब्द बोलू दिले की बाजूला होईल. हार टेबलावर ठेवून त्यांनी माईक पुढे केला.

काकांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य आहे. म्हणून मी आता या इसमाबद्दल वाईट बोलणार आहे. मी बोलतोय तोपर्यंत तो जिवंत आहे, आणि हाराला कोणी हात लावायचा नाही."

आणि त्यांनी सुरुवात केली. औषधाच्या बॅगेपासून. आंधळा बासरीवाला आणि पदर आला, सोडलेली सगळी घरं क्रमाने आली, निवडणुकीत पडलेली मतं आली. देशपांडेबाईंचं रडू थांबून त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी, हे काय चाललंय, म्हणालं. चहा आला, लोकांनी तो घेतला, काकांनी घेतला नाही. एरवी निदान रिजेक्ट करण्यापुरता तरी एक घोट घेतात.

दर आरोपानंतर ते थांबत होते. मान थोडी डावीकडे वळवायची, क्षणभर कान द्यायचा, मग पुढचं वाक्य. माझ्या शेजारी बसलेली बाई कुजबुजली, वयामुळे विसरतायत बिचारे. मीही आधी तसंच समजले. मग त्यांनी म्हटलं, "नाचताना त्याचे पाय दाखवत नाहीत," आणि डावीकडे मान वळवून थांबले, तेव्हा मीही तिकडे पाहिलं. डावीकडे सोसायटीची पाण्याची टाकी होती. घरी त्या बाजूला स्वयंपाकघर आहे. चार वर्षं ते माझ्या दारात उभे राहून काकूंच्या उत्तराएवढी जागा सोडत होते आणि मी त्या जागेत "हं" म्हणत होते.

हळूहळू काकांची वाक्यं छोटी झाली, थांबणं लांबलं. एकट्याने किती बोलणार? "केस खोटे आहेत," ते म्हणाले. पुढे काही येईना. माईकमधून नुसता श्वास ऐकू यायला लागला. सावंतांनी हार उचलला. काकांनी ते पाहिलं. त्यांनी माईक आणखी घट्ट धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मला भर सभेत बोलायची सवय नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "तुमचे खरे होते ते कुठे गेले?"

लोक हसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. सावंत हार घेऊन जागच्या जागी थांबले होते.

"माझे हेल्मेटने गेले," काका म्हणाले, आणि आवाज एकदम पूर्वीसारखा चढला. "आणि अभिनयाचं काय? आई मरते तेव्हा तोंडावर रुमाल धरून उभा राहतो. रुमालाने अभिनय होतो?"

"रुमालाआड काय वाटत असेल ते कळतं की. सगळं उघडं कशाला करायला हवं?" मी म्हटलं. हे उत्तर माझं नव्हतं. उघड्या दारातून मी ते कित्येकदा ऐकलं होतं.

मग आम्ही थांबलो नाही. काका आरोप करायचे आणि मी, जिने त्या माणसाचा एकही सिनेमा धड पुरा पाहिलेला नाही, त्याची बाजू घ्यायचे. थोड्या वेळाने देशपांडेबाई उठल्या आणि माझ्या मदतीला आल्या. त्यांच्या पाठोपाठ बी विंग आली. ए विंगमधले दोन निवृत्त गृहस्थ काकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना सिनेमातलं काही कळत नाही, पण बी विंगला विरोध करायचा होता. शोकसभेचा पार आखाडा झाला. कोण गेलंय आणि आपण का जमलोय याची कोणाला शुद्ध नव्हती.

त्या गोंधळात सावंतांच्याच फोनवर बातमी आली. हॉस्पिटलने जाहीर केलं होतं, प्रकृती स्थिर आहे, शुद्धीवर आले आहेत, मुलाशी बोलले. सावंतांनी ती माईकवरून वाचली. इतक्या खिन्न आवाजात चांगली बातमी वाचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हार लॉबीतल्या गणपतीला गेला. फ्लेक्स हल्ली सावंतांच्या स्कूटरवर पांघरलेला असतो, त्यामुळे पार्किंगमध्ये येताजाताना कमिटी हात जोडून आपल्याला श्रद्धांजली वाहते.

मी काकांना वर घेऊन आले. मजल्यावर आल्यावर किल्ली लावता लावता थांबले.

"हा गेला असता तर मी काय केलं असतं गं?" ते म्हणाले. "तिचं माझ्याकडे काय उरलंय? कपडे मुलीने वाटून टाकले. भांडी मला लागत नाहीत. हा एवढा एक इसम उरलाय. त्याचा सिनेमा बघून आलो की वाटतं, आता आतून उत्तर येईल. चार वर्षं एकटाच भांडतोय. एकट्याने भांडण होत नाही, नुसती बडबड होते."

मी एवढंच म्हटलं की पुढच्या सिनेमाला मी येईन. काकांनी माझ्याकडे ते तपासणी खात्यातलं बघणं बघितलं.

"त्याची बाजू घ्यावी लागेल," ते म्हणाले.

"घेईन."

"आणि एक." किल्ली दारात तशीच होती. "भांडण फार झालं की ती म्हणायची, चला, हात धुवा, पानं घेते. म्हणजे मग संपलं. तू बाकी सगळं म्हण. तेवढं म्हणू नकोस."